सिनेमात नसलेली खुर्ची

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की चिडतेस, म्हणूनच म्हणते. तुझ्या दोन पत्रांना माझं उत्तर गेलेलं नाही, त्याची आधी माफी मागते. कारण सांगायचं तर रोज वहीत लिहून झालं की मला वाटतं तुलाही कळवून झालं. ही चूक आहे हे कळतं, तरी होते. फोनवर तू कायम घाईत, आणि माझी प्रस्तावना संपेपर्यंत तुझी फोन ठेवायची वेळ होते. म्हणून आज मधल्या सुट्टीनंतर ग्रंथालयात सामसूम झाली तेवढ्यात लिहायला बसले.

तुझी लेक छान आहे. शाळेसाठी तू तिला आमच्याकडे ठेवलंस तेव्हा ती तुझ्या भावाच्या कोपरापर्यंत येत होती. आता माळ्यावरचं काही काढायचं असलं की तोच तिला हाक मारतो. पेन्सिली कुरतडणं मात्र सुटलेलं नाही, त्यामुळे खार हे नावही सुटलेलं नाही.

तू ज्याचे संवाद आपल्या भाषेत लिहिलेस तो सिनेमा अखेर आमच्याकडे लागला. आम्ही तिघंही गेलो. तुझा भाऊ दिवसभर पंपघरात उभा राहून आलेला, तो पहिल्या पंधरा मिनिटांत घोरायला लागला. शेवटी भिंत कोसळली तेव्हा दचकून उठला आणि म्हणाला, ‘कुठली लाइन फुटली?’ मागच्या रांगेतले लोकसुद्धा हसले. खार हसली नाही. ती हाताची घडी घालून शेवटपर्यंत बसली होती आणि बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, ‘मामी, ह्यांनी खुर्ची कुठे टाकली?’

तू मूळ कादंबरी वाचली नाहीस असं म्हणाली होतीस, म्हणून सांगते. भिंतीतलं गाव दोन्हीकडे सारखंच आहे. पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला चौकात उभं करून एकच प्रश्न विचारतात: तुझ्या घरात भिंतीपलीकडच्या जगाबद्दल कोण बोलतं? तिथपर्यंत सिनेमा पुस्तकाचं बोट धरून चालतो. पुढे तुझी सिनेमातली मुलगी मान वर करून ‘नाही’ म्हणते, पळते, भिंत पडते, भाऊबहीण समुद्र बघतात. पुस्तकातली मुलगी भावाचं नाव सांगते. भीतीने नाही आणि रागानेही नाही. तिला खोटं बोलायची सवय नसते आणि प्रश्न सरळ असतो, एवढंच. भावाला नेतात. मग ती रोज जेवताना त्याची खुर्ची टेबलावर उलटी ठेवते. हळूहळू शेजारच्या घरांतूनही उलट्या खुर्च्या दिसू लागतात. कुणी काही बोलत नाही. पुस्तक तिथेच थांबतं.

खरं सांगू? मला सिनेमा जास्त आवडला. पुस्तकातली मुलगी मला पटतच नाही. ‘कोण सांगेल गं स्वतःच्या भावाचं नाव?’ मी घरी येताना म्हटलं. ‘जिला सवय नाही ती,’ खार म्हणाली, आणि ग्रंथपाल असून मी पुस्तकाची पानं फाडली असावीत अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिली.

आता खुर्चीची गोष्ट. खारच्या वर्गात एका ड्रायव्हरचा मुलगा होता. वडील डेपोच्या सभेत बोलले, त्यानंतर ते घरी आलेले नाहीत, आणि मुलाचं नाव पटावरून कमी झालं. त्याची खुर्ची आहे. रोज सकाळी ती त्याच्या डेस्कवर उलटी ठेवलेली असते. शिक्षकांना वाटतं, फरशी पुसताना सफाईच्या मावशी ठेवतात आणि उतरवायला विसरतात. मावशींना वाटतं, शिक्षकांनीच तसं सांगितलंय. ग्रंथालयाच्या खिडकीतून तो वर्ग समोर दिसतो आणि मी सगळ्यांच्या आधी येते, त्यामुळे कोण ठेवतं ते मला माहीत आहे. तुला सांगत नाही, ओळखशीलच.

वाचनगटाच्या मुलांनी हट्ट धरला म्हणून मी ग्रंथालयाच्या बोर्डावर पुस्तक आणि सिनेमाची तुलना लावली आहे. दोन रकाने आखले, डावीकडे पुस्तक, उजवीकडे सिनेमा. खुर्चीपाशी उजवा रकाना रिकामा राहिला, ते मला बरं दिसेना. तिथे लिहिलं: ‘वगळले. पुस्तकात खुर्ची उलटी ठेवणे म्हणजे नेलेल्या माणसाची जागा राखणे, आणि त्याला कोणी नेले हे आपण विसरलो नाही, असे न बोलता सांगणे.’ वाक्य जमलंय असं वाटतं. मुलं उभी राहून वाचतात. कालपासून शिक्षकही वाचायला लागलेत.

तुझी,
वहिनी


२१ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र आलं, वाचलं, हसले, आणि मग हसू गेलं. ते का ते शेवटी सांगते.

आधी माझ्या ‘नाही’बद्दल. तू ते इतक्या सहज लिहिलंस, पण त्या एका शब्दाने आमचा अख्खा दिवस खाल्ला होता. आमची रेकॉर्डिंगची खोली कपाटाएवढी. त्यात मी, आवाज देणारी मुलगी आणि पंखा बंद. पंख्याचा आवाज येतो ना. मी मोठं वाक्य लिहिलं होतं: ‘माझ्या घरातलं कुणाचंही नाव तुम्हाला मिळणार नाही.’ छान होतं गं. पण पडद्यावर तिचं तोंड एकदाच उघडतं आणि तसंच राहतं. ओठ मिटलेले दिसले की आम्हाला प, ब, म शोधावे लागतात, आणि उघड्या तोंडावर मी इतकं सगळं कसं बसवणार? शेवटी सगळं कापून ‘नाही’ ठेवलं. आवाज देणारी मुलगी म्हणाली, ‘ताई, एवढंच?’ मी म्हटलं, ‘एवढंच. पण असं म्हण की पुढचं कुणी विचारणार नाही.’ थिएटरात लोक टाळ्या वाजवतात तिथे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य, आणि त्यात शब्द एकच.

दादाला सांग, सिनेमात झोपायचंच असेल तर तिकिटाचा खर्च वाचव, घरी पलंग आहे.

आता दुसरं. बोर्डावरचा तो कागद काढ. हे पत्र हातात आहे तोवर ऊठ आणि काढ. शिक्षकांना वाटत होतं ना, मावशी विसरतात? मग वाटू दे की. फुकटचं पांघरूण मिळालं होतं त्या पोरांना, आणि तू ते ओढून, झटकून, घडी करून ठेवलंस. हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात. तुला वाईट वाटेल, पण तुझ्या अक्षरात तो नीटनेटका खुलासा मी डोळ्यांसमोर आणला आणि मला घाम फुटला. सिनेमावाल्यांनी खुर्ची का कापली असेल, असं तुला वाटतं? वेळ कमी पडला म्हणून? त्यांना कुणीतरी आधी विचारलं असणार, ‘हे काय आहे?’ आणि ‘काही नाही’ म्हणून त्यांनी ती काढून टाकली असणार. आमच्याकडे हल्ली रोज कुणीतरी असं विचारतं.

कोण ठेवतं ते मी ओळखलं. तिला काही बोलू नकोस. पण कागद काढ.

तुझी,
मी


४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र आलं तेव्हा कागद बोर्डावर नव्हता. मी काढला नव्हता.

फोनवर तुला अर्धंच सांगितलं, कारण तुझा भाऊ सारखा खूण करत होता की फोनवर नको. तू निघाली आहेस हे माहीत आहे, पण हे पत्र तू बहुधा परत गेल्यावरच तुझ्या खोलीवर वाचशील. तरी लिहिते. लिहिल्याशिवाय माझं डोकं जागेवर राहत नाही.

सोमवारी पाहणी समिती आली. चार माणसं होती. अध्यक्ष वयस्कर आहेत, बोलायला मऊ. सिनेमा त्यांनी नातवंडांबरोबर बघितला आहे, आवडला आहे. बोर्डावरचा कागद त्यांच्या फाइलमध्ये होता. ‘अक्षर सुंदर आहे,’ म्हणाले. ‘आम्ही सिनेमा पाहिला तेव्हा आम्हाला यातलं काही कळलंच नव्हतं. तुमच्यामुळे कळलं.’

मला त्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवून वाचनगटातल्या मुलांची नावं विचारली. मी नाही म्हटलं.

खारला दुपारी वर्गातून बोलावलं. मी ग्रंथालयाच्या दारात होते. तिने मला पाहिलं आणि दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, नेहमी घेते तसं. मग गाडी गेली. शहराबाहेर निवासी सुधारशाळा आहे, तिथे पुढचा आदेश येईपर्यंत. तुझा भाऊ रोज पंपघरातून सुटल्यावर तिथल्या फाटकापर्यंत जाऊन येतो. आत सोडत नाहीत. आईला सोडतील, असं सांगितलंय.

सफाईच्या मावशींची नोकरी शाबूत आहे. हे आत्ता का लिहिलं ते मलाच कळत नाही.

वहिनी


१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

परत पोचले. तुझ्या घरी नीट बोलता आलं नाही; तू सारखी भांडी घासत होतीस. घासलेली भांडी परत घासत होतीस.

खार भेटली. मध्ये जाळी होती आणि एक बाई स्वेटर विणत बसली होती. केस कापलेत तिचे. मला वाटलं होतं, मी रडेन आणि ती धीर देईल. झालं उलटंच, मी एकदम ठणठणीत होते आणि तिचीच हनुवटी थरथरत होती. मी विचारलं, ‘झालं काय नेमकं? कुणी सांगितलं?’ ती म्हणाली, ‘कुणी नाही गं. खिडकीतून कुणा शिक्षकाने पाहिलं असेल. मामीला किती विचारलं, पण मामीने शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही.’ मग म्हणाली, ‘तुझ्या सिनेमातल्यासारखं. नुसतं नाही म्हणाली.’

वहिनी, तुझ्यावर मी मनातून रागावले होते. त्या कागदाबद्दल अजूनही आहे, खोटं कशाला सांगू. पण ते ऐकलं आणि अर्धा राग गेला. तू, जी भाजीवाल्याने एक टोमॅटो जास्त टाकला तरी परत द्यायला जातेस, ती तू समितीसमोर बसून नाही म्हणालीस. स्टुडिओत मी सगळ्यांना सांगितलं. ती आवाज देणारी मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आपण केलं ते खरं कुणीतरी केलं?’ मी म्हटलं, ‘माझ्या भावजयीने केलं.’

आता कामाचं. निघण्याआधी मी अध्यक्षांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले, शेवटी त्यांनी आत घेतलं. त्यांचं म्हणणं असं: मुलगी लहान आहे, कुणाला तिचं नुकसान करायचं नाही. अडचण फक्त त्या कागदाची आहे. खुर्चीला अर्थ आहे म्हणून तो गुन्हा. अर्थ नसेल तर ती पोरांची मस्ती. तर बाईंनी तुलना पुन्हा लिहावी. पुस्तक आणि सिनेमा यांत काही फरक नाही, पुस्तकात खुर्ची नाही, आधीचा मजकूर नजरचुकीने लिहिला गेला, असं. सही करावी आणि त्याच बोर्डावर लावावी. पुस्तकाच्या प्रती त्यांनी गोळा केल्याच आहेत, म्हणजे पडताळून बघायला कुणी जाणार नाही.

तू किती ओढाताण करून घेशील ते मला माहीत आहे. वहीची पानंच्या पानं भरशील. भर. पण कागद लिही. आयुष्यात एकदा खोटं लिही. माझ्यासाठी नको, खारसाठी.

तुझी,
मी


२५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

कागद लिहिला. काल बोर्डावर लावला. त्यासाठी मला वहीची पानं भरावी लागली नाहीत. बसले आणि लिहिला. दोन रकाने आखले आणि दोन्हींत तेच ते उतरवलं. खाली लिहिलं: ‘खुर्चीचा उल्लेख पुस्तकात नाही.’ सही केली. हे इतकं सोपं आहे हे मला आधी माहीत असतं तर, असं मनात आलं, आणि त्या ‘तर’मुळेच हे पत्र लिहिते आहे.

मी तुला चार तारखेला लिहिलं की नावं विचारली, मी नाही म्हटलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तो तसाच निवडून लिहिला होता. ते कसं झालं ते आता सांगते.

‘सफाईच्या बाईंना आजपासून कमी केलंय,’ अध्यक्ष म्हणाले. त्यांना सर्दी होती. रुमालाची घडी करून खिशात ठेवायचे आणि लगेच परत काढायचे. ‘खुर्च्या त्याच ठेवत होत्या, असं सगळे शिक्षक सांगतात.’

‘त्यांचा काही संबंध नाही,’ मी म्हटलं.

‘असं? मग कुणाचा?’

बघ, मी गप्प बसले असते तर मावशी गेल्या असत्या. त्यांच्या घरी त्यांच्याशिवाय कमावणारं कुणी नाही. त्यांनी केलं नव्हतं आणि मला माहीत होतं. एवढं बोलणं भागच होतं, असं मला त्या वेळी वाटलं, आणि अजूनही वाटतं. पण त्या एका वाक्याने मी त्यांना हेही सांगून टाकलं की कुणी केलं ते मला माहीत आहे.

त्यांनी आग्रह केला नाही. चहा पुढे केला. मग वाचनगटातली मुलं त्यांनी एकेक करून घेतली. ‘हा?’ ‘नाही.’ ‘मग ही?’ ‘नाही.’ अगदी सावकाश, दुकानात माणसं कापड बघतात तसं. प्रत्येक वेळी मी खरं बोलत होते, आणि प्रत्येक वेळी एक पोर सुटत होतं, आणि मला बरं वाटत होतं. हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून खोडलं होतं. इथे खोडत नाही.

मग खारचं नाव आलं.

तिथे फक्त आणखी एक ‘नाही’ हवं होतं. तुझंच. तोंड उघडलं होतं मी. ओठ हलले असावेत. आवाज आला नाही. तुझ्या कामात असं झालं तर तुम्ही परत रेकॉर्ड करता. अध्यक्षांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, आणि पुन्हा काढली नाही. ‘आभारी आहे, बाई,’ म्हणाले. पुढची नावं त्यांनी विचारलीच नाहीत.

मी धैर्य कमी पडलं असं म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की ते बरं दिसतं. धैर्याचा प्रश्न आलाच नाही. माझ्या जिभेला ते वळण नव्हतं. चाळिशी उलटलेली बाई, शिकलेली, पुस्तकांत आयुष्य गेलेलं, आणि गरजेच्या वेळी एक साधं खोटं तिला आलं नाही. पुस्तकातली मुलगी मला पटत नव्हती ना? आता पटते. आवडत नाही.

खारने तुला सांगितलं ते तिला खरंच वाटतं आहे. मी ते तसंच राहू दिलं असतं तर तू मला आयुष्यभर शाबासकी दिली असतीस. ती मला पचली नसती. म्हणजे हे सांगणंही परत माझ्यासाठीच, हे मला दिसतं आहे.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

पत्र पोचलं.

तुझी बाजू मला कळते, हाच त्रास आहे. मावशींच्या जागी मी असते तर तू बोललीस म्हणून तुझे पाय धरले असते. पण मी मावशी नाही, मी तिची आई आहे. आणि तुला एक शब्द आला नाही. मी शब्द विकून पोट भरते, वहिनी. त्या शब्दासाठी मी तुला पाहिजे ते दिलं असतं.

तू हे मला का कळवलंस? मला काय करायचं होतं याचं? मी त्या आवाज देणाऱ्या मुलीला आता काय सांगू?

एक कर. खारला यातलं काही कळू देऊ नकोस. ती तुझ्या नावावर तिथे दिवस काढते आहे. तिला बाहेर येऊन तुझ्याच घरात राहायचं आहे, शाळा तिथेच आहे, माझ्या या कपाटाएवढ्या खोलीत मी तिला कुठे ठेवू? तिच्यासाठी सिनेमाच राहू दे. तेवढं तुला जमेल असं मी धरून चालते.

मी सध्या येणार नाही. आले तर तुझ्या हातचं पाणी मला पिता येणार नाही, आणि ते दादाला दिसेल.


३ एप्रिल

प्रिय वन्सं,

खार घरी आली. तुला तार आणि फोन दोन्ही केले होते तुझ्या भावाने. तू तिच्याशी बोललीस, माझ्याकडे फोन दिला नाहीस, ते बरोबरच होतं. तरी हे पत्र लिहिते. उत्तर आलं नाही तर समजेन.

ती तब्येतीने बरी आहे. जेवताना डावा हात ताटाभोवती ठेवते. उठायच्या आधी विचारते, ‘उठू?’ तुझा भाऊ पहिल्या दिवशी हसला, ‘अगं, हे पंपघर आहे का?’ म्हणाला, आणि मग तिचं ते विचारणं संपेचना तेव्हा त्याने हसणं सोडलं. पेन्सिली आता कुरतडत नाही. मी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर नव्या ठेवल्या होत्या, त्या तशाच टोकदार आहेत.

तिची शाळा परत सुरू झाली. वर्गांतल्या सगळ्या खुर्च्या गेल्या. त्या जागी लांब बाकं आली आहेत, लोखंडी पायांची, फरशीत बोल्टने आवळलेली. मावशी म्हणतात पुसायला त्रास होतो, खालून हात जात नाही. मला बघितलं की त्या आता वाट बदलतात. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलंय, त्यांची नोकरी कशी राहिली तेही.

खार पहिल्याच दिवशी ग्रंथालयात आली. बोर्डासमोर उभी राहिली. माझा नवा कागद तिथेच आहे. काढायची परवानगी नाही.

‘हे तू लिहिलंस?’

‘हो.’

‘पुस्तकात खुर्ची नाही?’

मी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत राहिले.

‘अक्षर नेहमीसारखंच आलंय,’ ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. खरंच नीट बघून म्हणाली.

तू सांगितलं होतंस ते मी पाळलं, वन्सं. अवघड गेलं, पण पाळलं. रोज ती समोर बसायची आणि मी तिला सिनेमातली मामी दाखवत राहायची. काल संध्याकाळी ती भांडी पुसत होती, मी घासत होते. ती म्हणाली, ‘मामी, तू माझ्याकडे बघत नाहीस.’

‘बघते की.’

‘नाही बघत. मला माहीत आहे गं. सुधारशाळेत पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. “तुझ्या मामींनी सगळ्यांना सोडवलं, तुला सोडून.” तिथे सगळ्यांना असंच सांगतात, घरच्यांनीच तुम्हाला दिलं. बाकीच्या मुली म्हणायच्या खोटं असतं. मी म्हटलं, माझ्या मामीचं असेल तर खरंच असणार.’

ताटली माझ्या हातात होती. किती वेळ नळ चालू होता कोण जाणे. तिनेच हात पुढे करून तो बंद केला.

‘मग आईला तू...’

‘आईला सिनेमा आवडतो. तिला सिनेमा सांगितला.’

‘आणि मला काही बोलली नाहीस.’

‘तुला काय सांगायचं? तुला पुस्तक माहीतच होतं.’

ती रागाने बोलत नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी केलं असतं, क्षमा मागितली असती, रडले असते. तिने ताटली माझ्या हातातून घेतली, पुसली, जागेवर ठेवली.

मग मी तिला विचारलं, आईला हे कळवू का. तू मला न सांगायला सांगितलंस, तिने तुला सांगितलं नाही, आणि तुम्ही दोघी एकमेकींसाठी तोच सिनेमा चालवताय आणि मी मध्ये अंधारात बसले आहे, असं काहीतरी मी बोलले. नीट बोलता आलं नाही. ती बराच वेळ फडकं पिळत होती.

‘ह्या वेळी निदान विचारलंस,’ ती म्हणाली. आणि मग, ‘सांग.’

म्हणून हे पत्र. वाचून तिला दाखवलं आहे. तुझं फेब्रुवारीतलं पत्रही तिने मागून वाचलं आणि ‘हनुवटी थरथरली असं आईने लिहिलं होतं, ते खरं नाही’ असं सांगितलं, तेही कळवते.

तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. तिथे दारांना आतून काही नव्हतं, कुणीही केव्हाही आत यायचं. तिला तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी हवी आहे. तुझा भाऊ म्हणाला, आत्ता लावतो, स्क्रू घरात आहेत. ती म्हणाली, ‘मामा नको. मामीने लावायची.’ का, ते मी तिला विचारलं नाही. मी आयुष्यात कधी कडी बसवलेली नाही. भोक कसं पाडतात ते तुझ्या भावाने एका जुन्या फळीवर करून दाखवलं. दुकान सकाळी उघडतं.

बाकी वहीत काही लिहिलेलं नाही. फक्त उद्याच्या पानावर:

खारच्या दाराला आतून कडी.